खिडकीमागून भाचीस पत्र

कसबा पेठ, पुणे

चि. भाचीस,

खराडीच्या कचेरीत अमेरिकेतल्या प्रयोगशाळांच्या बिलांना सांकेतिक क्रमांक लावण्याचे काम तुला मिळाले, आणि पहिल्याच आठवड्यात वीर्यतपासणीच्या बिलांचा गठ्ठा वाट्याला आला, हे तू फोनवर सांगितलेस तेव्हा तुझ्या आईने घाईघाईने विषय बदलला. मला मात्र हसू आले, कारण याच पेठेतल्या एका प्रयोगशाळेच्या खिडकीमागे, तांबट आळीची ठोकठोक ऐकत, मी याच तपासणीच्या पावत्या तीस वर्षे फाडल्या. 1927 साली ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढून र. धों. कर्वे यांनी ज्या गोष्टी उघडपणे लिहिल्या आणि ज्यांपायी खटले सोसले, त्यांचा उच्चार आमच्या खिडकीवर पुढे कित्येक वर्षे ‘ती तपासणी’ एवढाच, तोही आवाज खाली आणून, होत असे.

नुसती संख्या व गती पाहिली असेल तर 89310, त्यांबरोबर वीर्याचे आकारमान आणि शुक्राणूंच्या रूपांची वर्गवारीही झाली असेल तर 89320, आणि तीच रूपे क्रूगर यांच्या कडक निकषांवर पारखली असतील तर 89322, हे तुझे क्रमांकांचे पुस्तक सांगेलच. मात्र मागणीपत्रात काय मागितले यावर न विसंबता अहवालात काय झाले त्याशी ताडून क्रमांक घाल. जे झाले नाही त्याचा दाम लावणे ही लबाडी, आणि एकाच नमुन्यावर यांतले दोन क्रमांक चढवणे ही तिचीच धाकटी बहीण.

खरी जोखीम कारणाच्या रकान्यात आहे. मूल होत नाही म्हणून शोध चालू आहे, तोवर झेड 31.41, पुरुषवंध्यत्वाचे एन 46 डॉक्टरांनी निदान लिहून दिल्यावरच. संशय हे निदान नव्हे, आणि अहवालातला आकडाही निदान नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या पुस्तिकेत दर मिलिलिटरला 1 कोटी 60 लाख शुक्राणू ही खालची मर्यादा दिली आहे खरी; पण बारा महिन्यांच्या आत ज्यांच्या घरी गर्भ राहिला अशा पुरुषांची मोजदाद करूनच ती ठरवली, आणि त्यांतले शेकडा पाच या आकड्याच्या खालीच होते. तेव्हा आकडा वाचून कोणाला वंध्य ठरवण्याचा अधिकार कारकुनाला नाही.

हे मी चूक करून शिकलो. एके सकाळी एका गृहस्थाने नमुन्याची बाटली सदऱ्याच्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेला ठेवून आणली. नसबंदीनंतर शुक्राणू उरले नाहीत ना, एवढेच त्याला पाहायचे होते. मी डॉक्टरांची चिठ्ठी उलगडली नाही आणि हाताच्या सवयीने कारणापुढे ‘वंध्यत्व’ लिहिले. तो कागद परताव्यासाठी त्याच्या नोकरीच्या ठिकाणी गेला. आपल्याकडे वंध्यत्वाचा खर्च सहसा देतच नाहीत (विम्याच्या प्रमाणित अपवादांत आज त्याचा क्रमांक सतरावा आहे), सबब मागणी नामंजूर झाली. तेवढ्यावर भागते तर बरे होते, पण तिथल्या कोण्या टवाळाने भर कचेरीत विचारले, ‘वंध्यत्व, आणि पोरं दोन?’ गृहस्थ परत आला तेव्हा एक अक्षर बोलला नाही. कागद खिडकीत ठेवून त्या शब्दावर त्याने बोट टेकवले, आणि मी तो खोडून, नवा मजकूर लिहून, सही करीपर्यंत ते बोट तेथून हलले नाही.

तुझ्या पुस्तकात अशा माणसासाठी झेड 30.8 आहे. शिवाय नसबंदीच्या 55250 या क्रमांकातच नंतरची वीर्यतपासणी धरलेली असते, तेव्हा शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनीच तिचे वेगळे बिल लावलेले दिसले तर मुकाट्याने पुढे ढकलू नकोस, वरिष्ठांना दाखव. वरिष्ठ म्हणतील, लवकर आटप. आटप, पण चिठ्ठी उलगडून आटप.

रविवारी कसबा गणपतीचे दर्शन घेऊन घरी ये. अडलेली प्रकरणे तोंडी सांग, नावगाव वगळून. रुग्णाचा एकही कागद, अगदी मामाला दाखवायलासुद्धा, कचेरीबाहेर आणू नकोस.

तुझा,
मामा