व्हेंटिलेटर काढताना: औषध आधी, नळी नंतर

"आता सुधारणा होणार नाही," असं डॉक्टरांनी सांगितलं की अनेक घरांतून एकच उत्तर येतं: "मग घरी नेतो." सही होते, रुग्णालयाच्या भाषेत 'डामा' (वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध डिस्चार्ज) होतो, आणि ॲम्ब्युलन्समध्ये श्वास देणारा फुगा हाताने दाबत गाडी गावाकडे निघते. सोबत मॉर्फिन नसतं. घशातली श्वासाची नळी निघाली की माणूस धापा टाकत जातो. हे टाळता येतं. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ च्या निकालाने रुग्णालयातच उपचार थांबवण्याची वाट दिली, आणि २४ जानेवारी २०२३ ला ती सोपी केली.

पहिलं काम कागदांचं. उपचार करणारे डॉक्टर आणि किमान पाच वर्षांचा अनुभव असलेले दोन तज्ज्ञ मिळून पहिलं मंडळ होतं. दुसऱ्या मंडळात मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी नेमलेले एक डॉक्टर आणि आणखी दोन तज्ज्ञ. प्रत्येक मंडळाने शक्यतो ४८ तासांत मत द्यायचं असतं. जवळच्या नातेवाइकांची लेखी संमती लागते. रुग्णाने आधीच उपचारांबद्दलचं इच्छापत्र केलं असेल (दोन साक्षीदार, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यापुढे), तर ते आणून द्या. उपचार थांबवण्याआधी रुग्णालय प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवतं. कळवतं एवढंच, परवानगी मागावी लागत नाही. ब्रेन डेथ ही वेगळी गोष्ट. तिच्या तपासण्या वेगळ्या.

मग वेळ ठरवा. लांबून येणारी मुलगी पोहोचू दे. पडदा, शक्य असेल तर वेगळी खोली, आणि मॉनिटरचा आवाज बंद, एवढं हक्काने मागा. नाहीतर सगळ्यांचे डोळे रुग्णाऐवजी आकड्यांवर खिळून राहतात. नाकातल्या नळीतून जाणारं अन्न काही तास आधी थांबवतात, रक्ततपासण्याही बंद होतात. हृदयाला शॉक देणारं यंत्र छातीत बसवलेलं असेल तर आधीच सांगा. ते बंद करावं लागतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. नळीला हात लावण्याआधी शिरेतून मॉर्फिन किंवा फेंटानिल, आणि गरजेप्रमाणे मिडाझोलाम सुरू झालंय ना, हे विचारा. स्नायू सैल करणारं औषध चालू असेल तर त्याचा अंमल पूर्ण उतरलेला हवा. नाहीतर रुग्ण गुदमरत असला तरी चेहऱ्यावर काही दिसणार नाही. डोस कसा ठरतो? श्वासाचा वेग, कपाळावरच्या आठ्या, फुलणाऱ्या नाकपुड्या पाहून. ही औषधं मरण ओढवून आणण्यासाठी दिली जात नाहीत, धाप शमवण्यासाठी दिली जातात. "आम्हीच मारलं का?" हा प्रश्न ज्यांना पुढे वर्षानुवर्षं छळतो, त्यांच्यासाठी हे मी मुद्दाम लिहितो आहे. जीव जातो तो आजाराने.

रक्तदाब टिकवणारी औषधं थांबतात. व्हेंटिलेटरचा ऑक्सिजन २१ टक्क्यांवर, म्हणजे साध्या हवेइतका आणतात आणि दाब टप्प्याटप्प्याने कमी करतात. प्रत्येक टप्प्यावर थांबून रुग्णाकडे पाहायचं; त्रास दिसला तर आधी औषध वाढवायचं, मग पुढे जायचं. शेवटी घशातला स्राव ओढून घेतात, नळीचा फुगा रिकामा करतात आणि नळी काढतात. काही डॉक्टर नळी तशीच ठेवून फक्त यंत्र वेगळं करतात. असं का, ते आधीच विचारून ठेवा.

त्यानंतर किती वेळ? काही मिनिटं, काही तास, कधी एक-दोन दिवसही. नेमकं कोणी सांगू शकत नाही, म्हणून आळीपाळीने बसायची तयारी ठेवा. श्वास मध्येच थांबतो, पुन्हा सुरू होतो. घशात घरघर होते. ऐकणाऱ्याला ती फार लागते, रुग्णाला बहुधा जाणवत नाही. त्यासाठी कुशीवर वळवतात, ग्लायकोपायरोलेट देतात. धाप दिसली तर नर्सना लगेच हाक मारा, संकोच करू नका. हात हातात घ्या, नेहमीच्या हाकेने हाक मारा. गंगाजल चमच्याने घालू नका, ठसका लागेल. कापसाचा बोळा भिजवून ओठांना लावा, तुळशीचं पान ओठांवर ठेवा.

श्वास थांबल्यावर डॉक्टर छाती ऐकतात, बाहुल्या पाहतात, ईसीजीची पट्टी काढतात, मग मृत्यूचा दाखला. अपघाताची केस असेल तर शवविच्छेदन टळत नाही. ते घरच्यांना आदल्या दिवशीच सांगून ठेवा. बाकी सह्या दोघा जणांवर सोपवा. तुम्ही आत थांबा, आणि नर्स गालावरची चिकटपट्टी सोडवून चेहरा पुसतील, तेव्हा ओला टॉवेल तुमच्या हातात मागून घ्या.