‘कामालाही चालेल, खेळायलाही चालेल’

चौतीस इंची वक्र अल्ट्रावाइड मॉनिटर विकला जातो तो या एका वाक्यावर. मलाही हेच सांगून विकला गेला. मी विचारलं होतं ते मोघम नव्हतं: दिवसभर अक्षरं आणि आकडे वाचायचे आहेत, रात्री गेम खेळायचे आहेत, हा पडदा दोन्ही सांभाळेल का? उत्तर ठाम ‘हो’ होतं. पुढे तक्रार केली तेव्हा ‘हा दोष नाही, पॅनेलचा स्वभावच तसा आहे’ असं तितक्याच ठामपणे सांगण्यात आलं. माझा सगळा राग या दोन उत्तरांवर आहे. पॅनेलचा स्वभाव विक्रीच्या आधीही तोच होता. तेव्हा तो सांगायचा नाही आणि पैसे हातात पडल्यावर त्याच्याच आड लपायचं, याला फसवणूक हाच शब्द आहे. म्हणून माझं म्हणणं सरळ मांडतो. काम आणि खेळ पडद्याकडून एकमेकांच्या उलट गोष्टी मागतात. त्या दोन्ही पूर्णपणे देणारा अल्ट्रावाइड बाजारात नाही. आणि यातली कुठली बाजू सोडायची हे घेणाऱ्याने ठरवलं नाही, तर विकणारा ते आपल्या गोदामात काय पडून आहे यावरून ठरवतो.

खरी मेख पॅनेलमध्ये आहे. कमी आणि मध्यम किमतीच्या वक्र अल्ट्रावाइडमध्ये बहुतेक वेळा व्हीए पॅनेल असतं. त्याचा काळा रंग खरोखर गडद. कॉन्ट्रास्ट ३०००:१ च्या आसपास, म्हणजे नेहमीच्या आयपीएसच्या जवळपास तिप्पट. अंधाऱ्या गुहा आणि रात्रीचे रस्ते असलेल्या गेममध्ये हा फरक लगेच जाणवतो, आणि त्याचं श्रेय मी नाकारत नाही. पण व्हीएचे पिक्सेल काळ्यातून राखाडीत जायला वेळ घेतात. काळ्या पार्श्वभूमीवर फिकट अक्षरं असलेलं पान वरखाली सरकवा, अक्षरांमागे धुरकट डाग ओढला जातो. कोड लिहिणारे, संपादन करणारे कितीतरी जण आज डार्क मोडमध्येच काम करतात. त्यांना तो डाग दर वेळी पान सरकवताना दिसणार. खोक्यावर ठळक छापलेला ‘१ मिलिसेकंद’ यातलं काहीही सांगत नाही. पुष्कळदा तो आकडा बॅकलाइट लुकलुकवून मोजलेला असतो, म्हणजे ज्या स्थितीत कोणी दिवसभर वाचत बसत नाही त्या स्थितीतला. ओलेड घेतलं तर हा डाग नाही, काळा तर पूर्ण काळा. २०२२ मध्ये एलियनवेअरचा ३४ इंची क्यूडी-ओलेड आला आणि खेळणाऱ्यांच्या दृष्टीने पारडं फिरलं. पण त्या पिढीच्या क्यूडी-ओलेडमध्ये लाल, हिरवे, निळे उपपिक्सेल एका ओळीत नसून त्रिकोणात मांडलेले आहेत आणि विंडोज अक्षरं गुळगुळीत करते ती ते ओळीत आहेत असं धरून, त्यामुळे अक्षरांच्या कडांना हिरवट-गुलाबी किनार दिसते. टास्कबार आणि एक्सेलची चौकट रोज आठ-आठ तास एकाच जागी राहिली की तिथे कायमची छाया उमटण्याचा धोका असतो. शिवाय पूर्ण पांढरं पान उघडलं की पडदा स्वतःच उजेड कमी करतो. उरलं आयपीएस. अक्षरं स्वच्छ, कडेने पाहिलं तरी रंग टिकलेले. पण काळा राखाडी दिसतो आणि अंधाऱ्या खोलीत कोपरे उजळतात. तिन्ही पॅनेलांची बलस्थानं खरी आहेत. पण एकाचं बळ तेच दुसऱ्याचं दुखणं, आणि ‘दोन्हीला चालेल’ म्हणणारा माणूस नेमकं हेच दडवतो.

दुसरा दावा म्हणजे ‘हा एक घेतला की दोन मॉनिटरची गरज नाही’. यात मत देण्यासारखं काही नाही, गणित करावं. ३४ इंची अल्ट्रावाइडचे पिक्सेल ३४४०×१४४०, म्हणजे सुमारे ४९.५ लाख. २५६०×१४४० चे दोन २७ इंची मॉनिटर शेजारी ठेवले तर ७३.७ लाख. एक तृतीयांश जागा कमी, तरी त्याला दोघांचा पर्याय म्हणायचं. खरा पर्याय ४९ इंची, ५१२०×१४४० चा. त्याची रुंदी सुमारे १२० सेंटीमीटर, म्हणजे चार फुटी टेबल अख्खं त्यातच गेलं. ‘३४ इंच’ या आकड्यावरही भुलू नये, तो कर्ण आहे. या पडद्याची उंची जेमतेम ३३ सेंटीमीटर, साध्या २७ इंची मॉनिटरइतकीच. ३२ इंची नेहमीच्या आकाराचा मॉनिटर जवळपास ४० सेंटीमीटर उंच असतो आणि त्याचं एकूण क्षेत्रफळही ३४ इंची अल्ट्रावाइडपेक्षा जास्त भरतं. तरी आपल्याकडे २२ सप्टेंबर २०२५ पर्यंत ३२ इंचांपर्यंतच्या मॉनिटरवर १८ टक्के आणि त्यावरच्यांवर २८ टक्के जीएसटी होता, कारण करही कर्णावरच लागत होता. लहान पडद्याला मोठ्याचा कर आपण वर्षानुवर्षं भरला. आता दोन्हींवर १८ टक्के आहे. वाचणं, लिहिणं, कोड, लांबलचक पत्रकं ही कामं उंची मागतात, आणि अल्ट्रावाइड तेवढी एकच गोष्ट वाढवून देत नाही. व्हिडिओ संपादनाची टाइमलाइन, संगीताचे ट्रॅक, आडवी पसरलेली एक्सेल शीट यांना मात्र रुंदी मनापासून हवी असते. ज्यांचं काम ते आहे त्यांनी माझ्या कडवटपणाकडे दुर्लक्ष करून हा आकार जरूर घ्यावा. फक्त ३४ इंचांत २५६०×१०८० वाला स्वस्त प्रकार कोणीही घेऊ नये. त्यात इंचामागे जेमतेम ८२ पिक्सेल पडतात, आणि वर मात्रा, खाली उकार, मध्ये जोडाक्षर असा देवनागरी मजकूर लहान टंकात तिथे गिचमिड होतो.

वक्रतेवर दोन्ही बाजूंनी खूप काही बोललं जातं, त्यातलं बरंचसं निरर्थक. ‘१८०० आर’ म्हणजे १८०० मिलिमीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा तुकडा. ३४ इंची पडद्यात त्याच्या कडा मध्यापेक्षा साधारण साडेचार सेंटीमीटर पुढे येतात, ‘१००० आर’मध्ये आठ. सपाट पडदा ५५ सेंटीमीटरवरून पाहिला तर कडा डोळ्यांपासून मध्यापेक्षा १३ सेंटीमीटर लांब पडतात. १८०० आरमध्ये हा फरक नऊ-साडेनऊवर येतो. म्हणजे वक्रतेचा उपयोग आहे, पण बेताचा. खरा प्रश्न त्या ५५ सेंटीमीटरचा आहे. आपल्या घरातलं संगणकाचं टेबल बहुधा दोन फूट खोल असतं आणि वक्र मॉनिटरचा स्टँड त्यातला बराच भाग खातो. ८० सेंटीमीटर रुंदीचा पडदा इतक्या जवळून पाहिला तर नजरेला सत्तर अंशांहून जास्त फिरावं लागतं, आणि कडेचं वाचायला डोळे पुरत नाहीत, मान वळते. २७ इंची पडदा ६० सेंटीमीटरवरून पाहताना जितका कोन होतो तितकाच हवा असेल तर अल्ट्रावाइडपासून ८० सेंटीमीटरवर बसावं लागतं. खेळताना कडा नजरेच्या कोपऱ्यात राहिल्या तर बरंच वाटतं, शर्यतीच्या किंवा विमान चालवण्याच्या गेममध्ये तर त्यासाठीच हा पडदा घेतात. पण कामात कडेला मेलची खिडकी असते आणि ती वाचायची असते. म्हणून मॉनिटरच्या आधी टेबल मोजा. भिंतीला किंवा टेबलाला लावायचा आर्म घेतला तर खोली वाढते. मात्र वक्र पडद्याचं वजन पुढे झुकलेलं असतं, तेव्हा आर्मची क्षमता काठावरची घेऊ नका. पाठीमागच्या भिंतीवर ट्यूबलाइट असेल तर तिचा उजेड वक्र पडद्यावर आडवा पसरतो, हेही आधी पाहून ठेवा.

आता खेळाची बाजू, कारण ‘कामाला नसेल, निदान खेळायला तरी निर्विवाद’ असं म्हणणारे भेटतात. तेही निर्विवाद नाही. फुल एचडीवरून इथे येणाऱ्याच्या ग्राफिक्स कार्डावर जवळजवळ २.४ पट पिक्सेल रंगवण्याचा भार पडतो. जुन्या कार्डावर गेम अडखळू लागला की दोष आपल्या संगणकाला दिला जातो, विकताना कार्ड कुठलं आहे हे कोणी विचारलेलं नसतं. प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स १६:९ च्याच आकारात चित्र पाठवतात, म्हणजे पडद्याचा चौथा हिस्सा काळा. ‘एल्डन रिंग’सारखा २०२२ चा इतका गाजलेला गेमसुद्धा अल्ट्रावाइडवर दोन्ही बाजूंना काळे पट्टे ठेवूनच चालतो. ‘सायबरपंक २०७७’ पडदा पूर्ण भरतो, पण तुमच्या आवडीचा गेम कुठल्या गटात आहे हे आधी शोधणं तुमच्याच माथी. चित्रपटांचंही तसंच. रुंद चौकटीचा चित्रपट या पडद्याच्या आकाराचा असतो हे खरं. पण बऱ्याचदा तो १६:९ च्या चौकटीत बसवून येतो आणि मग वरखाली व डावीउजवीकडे चारही बाजूंना काळं दिसतं. क्रिकेटचा सामना तर १६:९ चाच.

पडदा शेअर करण्याबद्दल थोडक्यात. ३४४० पिक्सेल रुंद पडदा समोरच्याच्या १९२० पिक्सेलच्या लॅपटॉपवर ५६ टक्क्यांवर आक्रसतो, आणि मीटिंगमध्ये ‘अक्षरं दिसत नाहीत’ सुरू होतं. पूर्ण पडदा कधीच शेअर करू नका, एकच खिडकी करा. खिडक्या नीट लावायला विंडोज ११ मध्ये विंडोज आणि झेड ही कळ आहे. मायक्रोसॉफ्टच्या मोफत पॉवरटॉइजमधलं फॅन्सीझोन्स त्याहून चांगलं.

माझ्या म्हणण्यावर दोन आक्षेप नेहमी येतात. पहिला, ‘सवय होते’. वक्रतेची होते, मान्य. आठवड्याभरात सरळ रेषा पुन्हा सरळ वाटू लागतात. पण सवय होते म्हणजे दोष नाहीसा होतो असं नाही. अक्षरांमागचा डाग सवयीने पुसला जात नाही, आपण फक्त डार्क मोड सोडून देतो आणि त्याला जुळवून घेणं म्हणतो. दुसरा आक्षेप अधिक टोचणारा: ‘इतकी माहिती उपलब्ध असताना आधी वाचायची नाही का?’ हा प्रश्न ग्राहकालाच का विचारला जातो? औषधाच्या दुकानात कोणी असं ऐकवत नाही. पॅनेलचे प्रकार, उपपिक्सेलची मांडणी, प्रतिसादवेळ मोजायच्या दोन पद्धती हे सगळं पाठ करून आल्यावरच मॉनिटर घ्यायचा असेल, तर विक्रेता नेमका कशाचे पैसे घेतो? नेमका प्रश्न विचारणाऱ्याला नेमकं उत्तर देणं हे त्याचं काम आहे. मी विचारलं होतं. जबाबदारी तिथेच राहते.

घ्यायचाच असेल तर तासांचा हिशेब करा. दिवसाचे बहुतेक तास वाचण्या-लिहिण्यात जात असतील तर आयपीएस, आणि रात्रीच्या खेळातला काळा रंग थोडा राखाडी दिसेल हे पत्करा. मुख्यतः खेळच असेल तर ओलेड, आणि छाया उमटली तर वॉरंटीत धरतात का हे लेखी घ्या. व्हीए फक्त त्याने, ज्याने ते डोळ्यांनी पाहिलंय. लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात आपला लॅपटॉप सोबत नेऊन काळ्या पार्श्वभूमीचं लांब पान सरकवून पाहा, दुकानदाराने लावून ठेवलेला निळ्या समुद्राचा व्हिडिओ पाहू नका. घरी आल्यावर डिस्प्लेपोर्टची केबल लावा, एचडीएमआय २.० वर हा आकार साधारण १०० हर्ट्झपर्यंतच जातो. विंडोजमध्ये रिफ्रेश रेट स्वतः वाढवा, पुष्कळदा तो ६० वरच राहिलेला असतो. खोकं उघडतानाचा व्हिडिओ काढा, पूर्ण पांढरा, काळा, लाल, हिरवा, निळा पडदा लावून परतीच्या मुदतीतच तपासा, आणि मुदत संपेपर्यंत थर्मोकोल टाकू नका.

आणि तक्रारीची वेळ आलीच तर ‘मॉनिटर खराब आहे’ असं लिहू नका. तिथेच ते ‘पॅनेलचा स्वभाव’ काढतात आणि ‘दोष आढळला नाही’ असा शेरा मारून मोकळे होतात. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार ऑनलाइन विक्रेत्याला फक्त सदोष मालच नव्हे, तर जाहिरातीत सांगितलेल्या गुणांशी न जुळणारा मालही परत घ्यायला नकार देता येत नाही. तेव्हा भांडण त्या दुसऱ्या मुद्द्यावर न्या. त्यासाठी खरेदीपूर्वी आपला वापर लेखी कळवून उत्तर लेखी घेतलेलं असावं, तोंडी ‘हो’ला नंतर कोणी वाली नसतो. उत्पादनाच्या पानाचा स्क्रीनशॉटही काढून ठेवा, मजकूर बदलतो. त्याच नियमांप्रमाणे तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निकाल द्यायचा असतो. तसं न झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, आणि त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग: तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, मुदत दोन वर्षं, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. कंपनीचा तंत्रज्ञ घरी पाहणीला येईल तेव्हा त्याच्यासमोरच काळं पान सरकवून दाखवा, त्याचा व्हिडिओ घ्या. जाताना तो मोबाइलवर आलेला ओटीपी मागेल. तो दिला की तक्रार ‘निकाली’ म्हणून बंद होते, तेव्हा जॉब शीटवर त्याने काय लिहिलंय ते वाचल्याशिवाय आणि तिचा फोटो काढल्याशिवाय ओटीपी देऊ नका.