लोककथाधिष्ठित चित्रपुस्तके : शिफारशीचा एक निकष

लोककथांवर आधारलेली चित्रपुस्तके मुलांसाठी सुचविताना सामान्यतः दोनच गोष्टी पाहिल्या जातात : कथा सुबोध आहे काय आणि चित्रे आकर्षक आहेत काय. हे निकष आवश्यक असले तरी अपुरे होत. लोककथा ही मुळात सांगण्याची व ऐकण्याची वस्तू. ती छापली गेली की तिचा निवेदक हरवतो. त्याचे काम चित्राने उचलले आहे, की चित्र मजकुराची केवळ सजावट झाले आहे, हा प्रश्न प्रथम विचारावयास हवा.

या दृष्टीने चेन्नईच्या तारा बुक्सचे ‘गॉबल यू अप’ (२०१३) विशेष अभ्यसनीय वाटते. राजस्थानच्या मौखिक परंपरेतील एका धूर्त कोल्ह्याची ही साखळीकथा. भेटेल त्या प्राण्याला तो गिळीत सुटतो. चित्रे सुनीता या मीणा समाजातील चित्रकर्तीची आहेत. मीणा स्त्रिया घराच्या भिंतींवर व जमिनीवर मांडणा रेखाटतात आणि त्यात प्राण्याच्या पोटातील पिलू दाखविण्याची रीत आहे. नेमकी हीच रीत येथे कथेच्या कामी आली आहे. गिळलेले प्राणी कोल्ह्याच्या पोटात एकामागून एक दिसू लागतात. पान उलटताना मूल ते मोजू शकते. साखळीकथेत निवेदक पुनरुक्तीने जे साधतो, ते येथे रेषेने साधले आहे. परंपरेतून केवळ ‘शैली’ उचलणाऱ्या पुस्तकांहून हे पुस्तक वेगळे ठरते ते यामुळेच.

भज्जू श्याम, दुर्गाबाई व रामसिंग उर्वेती या गोंड चित्रकारांचे ‘द नाइट लाइफ ऑफ ट्रीज’ (२००६) अधिक गाजले. काळ्या हातकागदावरील त्यातील वृक्ष अपूर्व आहेत. परंतु प्रत्येक वृक्षामागील समजूत मोजक्या वाक्यांत सांगितली असल्याने लहान मुलास त्यातून कथानक मिळत नाही. ते दहा-बारा वर्षांच्या मुलांच्या हाती द्यावे, आणि शक्य तर वडीलधाऱ्यांनी शेजारी बसावे.

वारली चित्रांचे नशीब मात्र निराळे. ‘डू!’ (२००९) या पुस्तकात रमेश हेंगाडी, शांताराम धडपे प्रभृतींनी ही चित्रभाषा समर्थपणे वापरली आहे. पण त्याचा विषय क्रियापदे हा आहे, आख्यान नव्हे. वारल्यांची कणसरी ही धान्यदेवता. तिची गाथा भगत घांगळीच्या साथीवर गातात. पिशव्यांवर आणि पेल्यांवर पोहोचलेल्या त्या मानवाकृतींना कणसरीच्या गाथेत परत नेणारे पुस्तक मराठीत व्हावयास हवे.

आणखी एक गोष्ट. चिऊकाऊच्या कथेत कावळ्याला अखेरीस चटका बसतो; तो चटका काढून टाकून उभयतांची दिलजमाई घडविणारी पुस्तके शिफारस करण्याजोगी नाहीत. चटका गेला की पावसात दाराबाहेर ताटकळण्यालाही अर्थ उरत नाही. मुलांना तो सोसतो. संकोच वाटतो तो मोठ्यांना.

भाषेचा प्रश्न याहून बिकट आहे. वर उल्लेखिलेली तिन्ही पुस्तके इंग्रजीतून नावारूपास आली. मीणा वा गोंड घरातील कथा इंग्रजीच्या मार्गाने मराठी मुलापर्यंत आली, तर मूळ सांगण्यातील लय दोनदा गळते. अशा पुस्तकांच्या मराठी आवृत्तीसाठी इंग्रजी संहितेपुरते न थांबता चित्रकाराच्या तोंडून ती कथा पुन्हा एकदा ऐकून घ्यावी, आणि मुखपृष्ठावर त्याचे नाव लेखकाच्या बरोबरीने छापावे.