निकालानंतरची दहा मिनिटे: वादविवादाचे परीक्षक आणि करिअरची निवड

दहावी-बारावीनंतर कोणती शाखा घ्यावी याचा विचार करताना विद्यार्थी आणि पालक बहुधा अभ्यासक्रम, प्रवेशपरीक्षेचे गुण, शुल्क आणि पुढे मिळणारे वेतन यांची कसून चौकशी करतात. परंतु त्या क्षेत्रात वीस-पंचवीस वर्षे काम केलेली व्यक्ती एखाद्या प्रश्नाचा विचार कसा करते, तिला कोणता पुरावा पटतो आणि कोणता पटत नाही, हे जवळून पाहण्याची संधी त्यांना क्वचितच मिळते. शालेय आणि महाविद्यालयीन वादविवाद स्पर्धांचे परीक्षक ही संधी देतात. वकील, डॉक्टर, अभियंता, सनदी लेखापाल, पत्रकार, बँक अधिकारी अशा निरनिराळ्या पेशांतील माणसे सुट्टीचा दिवस खर्ची घालून, अनेकदा मानधनाशिवाय, विद्यार्थ्यांचे म्हणणे तासन्‌तास ऐकतात. निकाल लागला की विद्यार्थी आपला क्रमांक लक्षात ठेवतात आणि त्यामागची कारणे विसरून जातात, पण करिअर निवडताना खरा उपयोग त्या कारणांचाच होतो.

परीक्षक काय तपासतात

वादविवादात एका ठरावाच्या अनुकूल आणि प्रतिकूल अशा दोन बाजू मांडल्या जातात आणि परीक्षक कोणती बाजू अधिक समर्थपणे मांडली गेली ते ठरवतात. जागतिक शालेय वादविवाद स्पर्धा 1988 पासून भरते. तिच्या पद्धतीत प्रत्येक भाषणाला आशयासाठी 40, शैलीसाठी 40 आणि व्यूहरचनेसाठी 20 टक्के भार असतो. व्यूहरचना म्हणजे कोणत्या मुद्द्याला किती वेळ द्यायचा, प्रतिपक्षाच्या कोणत्या मुद्द्याचे खंडन आधी करायचे आणि कोणता मुद्दा सोडून द्यायचा, यांचे तारतम्य. मुख्य भाषण आठ मिनिटांचे आणि समारोपाचे उत्तर चार मिनिटांचे असल्यामुळे हे तारतम्य नसलेला वक्ता कितीही ओघवता असला तरी मागे पडतो.

अनुभवी परीक्षकाच्या हातातील कागद पाहिला तर त्याचे काम उलगडते. कागदावर प्रत्येक वक्त्यासाठी उभा रकाना आखलेला असतो. एका रकान्यातील मुद्द्यापासून पुढच्या रकान्यातील खंडनापर्यंत बाण काढलेला असतो, आणि ज्या मुद्द्याला कोणीच उत्तर दिले नाही त्याच्याभोवती वर्तुळ केलेले असते. निकाल पुष्कळदा अशा अनुत्तरित मुद्द्यांवर ठरतो, त्यामुळे छान बोलूनही हरलेल्या विद्यार्थ्याने आधी आपण कशाला उत्तर दिले नाही याचा शोध घेणे इष्ट ठरते.

1981 पासून होणाऱ्या जागतिक विद्यापीठ वादविवाद स्पर्धेत परीक्षकांसाठी आणखी कठोर दंडक आहे: त्यांनी सर्वसाधारण सुजाण मतदाराच्या भूमिकेतून ऐकावे, म्हणजेच स्वतःचे विशेष ज्ञान बाजूला ठेवून सभागृहात प्रत्यक्ष जे मांडले गेले त्यावरच निर्णय द्यावा. ठराव औषधांच्या किमतींविषयी असला तरी परीक्षक असलेल्या डॉक्टरने, वक्त्याने न सांगितलेली माहिती त्याच्या पदरात टाकायची नसते. ज्ञान असे बाजूला ठेवल्यानंतरही त्या व्यक्तीची विचार करण्याची सवय मात्र तिच्यासोबत राहते. पेशाची खरी ओळख या सवयीतून पटते. अभ्यासक्रम दर काही वर्षांनी बदलतात आणि तंत्रे जुनी होतात, परंतु विचाराची ही रीत त्या पेशात जन्मभर साथ देते.

एकच मुद्दा, निरनिराळ्या कसोट्या

‘मुंबईच्या गजबजलेल्या भागांत प्रवेश करणाऱ्या खासगी मोटारींवर शुल्क आकारावे’ असा ठराव आहे आणि अनुकूल बाजूच्या विद्यार्थिनीने लंडनचा दाखला दिला आहे, असे समजू. लंडनमध्ये फेब्रुवारी 2003 पासून मध्यवर्ती भागासाठी दिवसाला पाच पौंड शुल्क सुरू झाले आणि तेथे येणाऱ्या मोटारींची संख्या घटली, म्हणून मुंबईतही घटेल, हा तिचा युक्तिवाद. यावर परीक्षकांचा प्रतिसाद त्यांच्या पेशाप्रमाणे वेगळा असू शकतो.

वकील विचारेल की सिद्ध करण्याची जबाबदारी कोणावर होती आणि एका शहराचा दाखला तेवढ्यासाठी पुरेसा होता का. दोन घटना एकापाठोपाठ घडल्या म्हणजे पहिली दुसरीचे कारण ठरत नाही, हे डॉक्टरच्या अंगवळणी पडलेले असते; लंडनमध्ये त्याच सुमारास बसगाड्याही वाढवण्यात आल्या होत्या, तेव्हा परिणाम शुल्काचा किती आणि बसचा किती, हे विद्यार्थिनीने वेगळे करून दाखवायला हवे होते, असे तो निकालानंतर सांगेल. अभियंत्याचे लक्ष क्षमतेकडे जाईल, कारण मोटार सोडणारे प्रवासी आधीच भरलेल्या लोकलमध्ये कसे मावणार, या प्रश्नाला उत्तर मिळाल्याशिवाय त्याला योजना पूर्ण वाटणार नाही. सनदी लेखापाल वसुलीचा खर्च वजा जाता हाती काय उरते ते विचारेल, तर पत्रकाराला टेम्पोचालक आणि घरपोच माल पोहोचवणारे यांची बाजू कोणीच मांडली नाही हे खटकेल.

हे सर्व प्रश्न रास्त आहेत, परंतु प्रत्येक विद्यार्थ्याला ते सारख्याच ओढीने आपलेसे वाटत नाहीत. एखादीला कार्यकारणाचा गुंता सोडवण्यात रस वाटतो, एखाद्याला हिशेबातील फट सापडली की आनंद होतो, तर आणखी कोणाला न ऐकला गेलेला आवाज शोधावासा वाटतो. कोणता प्रश्न ऐकताच ‘हे मला सुचायला हवे होते’ असे वाटले, याची नोंद वर्षभर ठेवली तर विद्यार्थ्याचा कल पुष्कळ अंशी समजू शकतो.

विधी शाखेतील अभिरूप न्यायालयाची रीत याहून वेगळी आहे. तेथे विद्यार्थी काल्पनिक खटल्यात दोन्ही पक्षांच्या वतीने युक्तिवाद करतात आणि परीक्षक न्यायाधीशाच्या भूमिकेत असल्यामुळे मध्येच थांबवून कायद्याचे बारकावे विचारतात. भारतीय विधिज्ञ परिषदेच्या 2008 च्या नियमांनुसार हा अभ्यासक्रमाचा अनिवार्य भाग असून 100 गुणांच्या संबंधित विषयात त्यासाठी 30 गुण ठेवलेले आहेत. वकिली करण्याची इच्छा असलेल्या बारावीच्या विद्यार्थ्याने जवळच्या विधी महाविद्यालयातील अशी एखादी फेरी परवानगी घेऊन प्रेक्षक म्हणून पाहिली, तर चित्रपटातील न्यायालय आणि प्रत्यक्ष युक्तिवाद यांतील अंतर त्याला शुल्क भरण्यापूर्वीच कळेल.

विद्यार्थ्यांनी काय करावे

निकालानंतर परीक्षकांशी बोलता येते ती वेळ जेमतेम दहा मिनिटांची असते, म्हणून प्रश्न नेमके असावेत. ‘आमचे काय चुकले?’ असे मोघम विचारण्यापेक्षा ‘आमचा कोणता मुद्दा शेवटपर्यंत टिकला आणि कोणता पडला?’ असे विचारावे. त्यानंतर परीक्षकाच्या कामाकडे वळावे: अपुऱ्या माहितीवर निर्णय घेण्याची वेळ त्या कामात कधी येते, दिवसातील किती वेळ वाचनात, किती लेखनात आणि किती माणसांशी बोलण्यात जातो, त्या कामातील सर्वांत कंटाळवाणा भाग कोणता. यांतील शेवटचा प्रश्न आवर्जून विचारावा, कारण त्याचे उत्तर माहितीपुस्तिकेत सापडत नाही. उत्तरे त्याच दिवशी वहीत उतरवावीत. पुढे संपर्क साधायचा असल्यास, विशेषतः शालेय वयात, तो शिक्षकांच्या किंवा आयोजकांच्या मार्फत साधावा.

एका परीक्षकाचे मत हा अंतिम निवाडा नव्हे, हेही ध्यानात असावे. परीक्षकांची संख्या विषम ठेवण्यामागे मतभेद गृहीत धरलेला असतो आणि दोन विरुद्ध एक असे निकाल नेहमी लागतात. तसेच वादविवादातील यश म्हणजे वकिलीचा किंवा राजकारणाचा कौल नाही. संशोधन, लेखापरीक्षण, नगररचना, संपादन अशा क्षेत्रांतही दावा आणि पुरावा यांची सांगड घालणे हेच रोजचे काम असते.

पालकांसाठी

पाल्याचा क्रमांक हुकला की काही पालक परीक्षकांशी वाद घालतात. त्यामुळे परीक्षक मोकळेपणाने प्रतिसाद देणे टाळतात आणि नुकसान मुलाचेच होते. घरी परतल्यावर ‘कितवा आलास?’ याऐवजी ‘परीक्षकांनी काय सांगितले?’ असे विचारले तर मुलाचे लक्ष शिकण्याकडे वळते. ज्या पालकांना शक्य आहे त्यांनी स्वतः परीक्षक व्हावे. अमेरिकेतील शालेय स्पर्धांत प्रत्येक शाळेला संघांच्या प्रमाणात परीक्षक पुरवावे लागतात आणि बहुतेक वेळा ही जबाबदारी पालकांवर येते. मात्र आपल्याच पाल्याच्या फेरीचे परीक्षण त्यांना करता येत नाही. परक्या मुलांचे म्हणणे लक्षपूर्वक ऐकण्याचा सराव झाला की घरातील मुलाचेही म्हणणे मध्ये न तोडता ऐकता येते, आणि करिअरविषयीची घरातील निम्मी ताणाताणी ऐकून न घेतल्यामुळेच होत असते.

आपले मूल अबोल आहे, त्याला अशा स्पर्धांचा काय उपयोग, ही चिंताही अनेक पालकांना असते. जागतिक विद्यापीठ स्पर्धेत विद्यार्थी परीक्षक म्हणूनही सहभागी होतात आणि उत्तम परीक्षण करणाऱ्यांची बाद फेऱ्यांसाठी गुणवत्तेवर निवड होते, ती वक्त्यांच्या यशाइतकीच मानाची समजली जाते. निदान करणारा डॉक्टर, न्यायाधीश, संपादक, समुपदेशक यांच्या कामाचा मोठा भाग शांतपणे ऐकण्याचा, नोंदी करण्याचा आणि मग कारणांसह निर्णय देण्याचा आहे. म्हणून शाळांनी आंतरवर्गीय स्पर्धांत अशा मुलांना व्यासपीठावर ढकलण्याऐवजी अनुभवी परीक्षकांशेजारी बसवावे, त्यांच्याकडून स्वतंत्र नोंदी आणि लेखी निर्णय करून घ्यावेत आणि ते परीक्षकांच्या निर्णयाशी ताडून पाहू द्यावेत. यासाठी वेगळा खर्च लागत नाही, आणि बोलता येत नाही म्हणून स्वतःला कमी लेखणाऱ्या मुलाला आपले बळ कशात आहे ते योग्य वयात कळते.