मण्यांची रंगसंगती : पंचशील ध्वजाकडून शिकण्यासारखे

डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या सत्याग्रह परिषदेच्या वेळी परमपूज्य बाबासाहेबांनी स्त्रियांपुढे भाषण केले. लुगडे कसे नेसावे, दागिने कोणते घालावेत, हेही त्यात त्यांनी स्पष्ट सांगितले. गळाभर गळसऱ्या आणि कोपरापर्यंत कथलाचे व चांदीचे दागिने ही तेव्हा जात ओळखण्याची खूण झाली होती. ती टाकून द्या, एखादी गळसरी पुरे, असा त्यांच्या सांगण्याचा रोख होता. मण्यांचे काम शिकायला येणाऱ्या विद्यार्थिनी म्हणूनच आम्हाला विचारतात, की मग आपण पुन्हा मणी ओवत का बसायचे? प्रश्न रास्त आहे. आमचे उत्तर असे की, बाबासाहेबांचा आक्षेप लादलेल्या खुणेला होता. जी वस्तू आपण स्वतः पारखून, आपल्या पसंतीचे रंग लावून करतो आणि जिच्यातून घरात चार पैसे येतात, ती निराळी. परंतु मग रंग खरोखरच पारखून निवडले पाहिजेत. पुडीत जो रंग उरला तो ओवला, असे करून चालणार नाही.

आपल्या डोळ्यांसमोर नित्य असलेला धडा म्हणजे पंचशील ध्वज होय. १८८५ च्या वैशाख पौर्णिमेला श्रीलंकेत तो प्रथम फडकविण्यात आला. त्याच्या उभ्या पट्ट्यांचा क्रम निळा, पिवळा, लाल, पांढरा व नारिंगी असा आहे. लाल आणि नारिंगी हे दोन जवळचे रंग. शेजारी आले की एकमेकांत मिसळतात आणि दुरून एकच पट्टी वाटते. त्यांच्यामध्ये पांढरा आहे म्हणून दोन्ही वेगळे राहतात. निळा व पिवळा मात्र मुळातच दूरचे, त्यांना मध्ये कोणाची गरज नाही. ज्यांनी ध्वज योजला त्यांनी ओवणकामाचा विचार करून हे केले नसेल, पण मण्यांच्या कामात हा नियम जसाच्या तसा लागू पडतो : जवळच्या रंगांमध्ये पांढरा घाला, दूरच्या रंगांना खुशाल भिडू द्या.

भिडू द्या म्हणजे एकाआड एक ओवा असे नव्हे. एक लाल, एक हिरवा असे बारीक मणी आलटून पालटून ओवले, तर चार पावलांवरून सारी माळ मळकट तपकिरी दिसते. प्रत्येक रंगाचे चार-पाच मणी सलग घेतले की दोन्ही रंग उठून दिसतात. नवशिक्या मुली येथेच फसतात, कारण काम करताना माळ हातभर अंतरावर असते आणि तेथून ती छानच दिसते. अधूनमधून काम खुंटीला टांगून खोलीच्या दुसऱ्या टोकाहून पाहावे.

ध्वजावर पाचही रंग सारखे आहेत, कारण ध्वज दुरून ओळखू आला पाहिजे. गळ्यातल्या माळेत मात्र सारख्या प्रमाणातले पाच रंग गर्दी करतात. तेथे एक रंग मुख्य, दुसरा त्याच्या निम्म्याने, आणि तिसरा अगदी मोजका असावा. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातील पद्मपाणी बोधिसत्त्वाचे चित्र ज्यांनी पाहिले असेल त्यांनी आठवून पाहावे. तेथील बहुतेक रंग मातीचे आणि दगडाचे, म्हणजे गेरू, पिवळी माती, हिरवट दगड. त्यात मोत्यांचा पांढरा आणि निळा थोड्याच जागी येतो व नेमका तेथेच डोळा ठरतो. अजिंठ्याचा हा निळा म्हणजे परदेशातून आणलेला लाजवर्द. तो महाग, म्हणून जपून वापरला गेला असावा. आपणही झळाळणारा रंग महागाचा समजून वापरावा.

निळ्याविषयी थोडे अधिक लिहिणे भाग आहे, कारण आपल्याकडे त्याची मागणी सर्वांत जास्त. चळवळीचा रंग म्हणून तो जवळचा वाटतो, हे योग्यच आहे. पण गडद निळा पारदर्शक काचमणी उन्हात सुरेख आणि रात्री दिव्याखाली जवळजवळ काळा दिसतो. काही घरांतून मंगल परिणयासाठी काळी पोत नको, निळे किंवा पांढरे मणी हवेत, असे सांगून माळा करून घेतल्या जातात. तेथे हा मणी वापरला तर दुरून पुन्हा काळी पोतच दिसेल आणि मूळ हेतू फुकट जाईल. अशा माळेला अपारदर्शक, मध्यम निळा मणी घ्यावा व दर पाच मण्यांमागे एक पांढरा.

पारदर्शक मण्याचे आणखी एक लक्षात ठेवावे. पुडीत ढीग असतो म्हणून रंग गडद वाटतो. तोच मणी तंगूसात एकेरी ओवला की फिका पडतो. पांढऱ्या दोऱ्यात तो अधिक उजळतो, काळ्या दोऱ्यात बुडतो. म्हणून दुकानातच पाच-सहा मणी दोऱ्यात घालून, दाराशी उजेडात नेऊन पाहावेत. दुकानदार कुरकुरतो, त्याला कुरकुरू द्यावे. ओल्या पांढऱ्या फडक्यावर मणी घासून रंग सुटतो का तेही तपासावे. आतून चांदी दिलेले मणी घामाने काळवंडतात, ते तोरणाला ठेवावेत. आणि एका वस्तूला लागणारा माल एकदाच घ्यावा, कारण पुढच्या खेपेची छटा हमखास थोडी निराळी निघते.

बुद्धजयंतीसाठी तोरणात ध्वज विणणाऱ्यांना सहावी पट्टी अडचणीची जाते. तीत पाचही रंग आडवे, एकाखाली एक येतात. अकरा नंबरचा मणी साधारण दोन मिलिमीटरचा असतो. प्रत्येक रंगाची एकच ओळ घेतली तर दाराच्या उंचीवर रंग कळत नाहीत, म्हणून निदान दोन-दोन ओळी घ्याव्यात. म्हणजे दहा ओळी, सुमारे दोन सेंटिमीटर उंची झाली. प्रत्येक पट्टीला रुंदीत तीन-तीन मणी दिले, की ध्वजाचा लांबट आकारही बरोबर साधतो.