'कॅच' या इंग्रजी क्रियापदाचे मराठी पर्याय : 'गाडी पकडणे'च्या निमित्ताने

इंग्रजीतील 'कॅच' हे क्रियापद शालेय वयातच परिचयाचे होते आणि त्याचा 'पकडणे' हा अर्थही तेव्हाच पाठ होतो. पदव्युत्तर वर्गातील भाषांतराच्या उत्तरपत्रिकांत त्याचे परिणाम दिसतात. 'त्याने सर्दी पकडली', 'लाकडाने आग पकडली' अशी वाक्ये तेथे भेटतात आणि परीक्षक ती योग्य कारणाने खोडतो. मात्र त्याच लाल शाईने 'त्याने गाडी पकडली' हे वाक्यही इंग्रजी वळणाचे म्हणून खोडले जाते. ते खोडावे काय, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

प्रथम अर्थविस्तार पाहू. चेंडूच्या बाबतीत 'कॅच'ला मराठीत 'झेलणे' हा नेमका शब्द आहे. पडसे 'होते', रोगाची 'लागण होते', लाकूड 'पेट घेते', माणूस पावसात 'सापडतो', एखादी गोष्ट 'दृष्टीस पडते', बोलण्यातील खोच 'ध्यानात येते'. माशांच्या बाबतीत पर्याय अधिक आहेत. कर्जत-नेरळ परिसरात पहिल्या पावसाबरोबर ओढ्यांतून शेतांकडे चढणारे वलगणीचे मासे लोक 'धरतात', 'पकडतात' किंवा 'मारतात'. हाताने केलेल्या क्रियेला 'धरणे' अधिक शोभते. जाळ्यात मासा 'सापडतो'. येथे 'सापडणे' हे अकर्मक क्रियापद धरणाऱ्याला वाक्यातून पूर्णपणे वगळू शकते, हे ध्यानात घ्यावयास हवे.

या यादीत केवळ शब्दांची विविधता नाही. इंग्रजीत रोग, पाऊस, गाडी, चेंडू या सर्वांच्या बाबतीत माणूस कर्त्याच्या जागी बसतो. मराठी मात्र प्रत्येक प्रसंगी प्रश्न करते, की या घटनेत माणसाने काही केले, की त्याच्या बाबतीत काही घडले? पडसे कोणी मिळवीत नाही. म्हणून 'त्याला पडसे झाले' या वाक्यात व्याकरणदृष्ट्या कर्ता पडसे आहे आणि माणूस चतुर्थीत आहे. 'सर्दी पकडली' हे वाक्य कानाला खटकते ते शब्दाच्या परकेपणामुळे नव्हे. त्यात माणसावर न केलेल्या कृतीचे कर्तृत्व लादले जाते म्हणून.

आता गाडीकडे वळू. मुंबई-ठाणे रेल्वे १६ एप्रिल १८५३ रोजी सुरू झाली आणि कल्याणहून नेरळ, पळसदरीमार्गे खोपोलीपर्यंतचा मार्ग १८५६ साली खुला झाला. मोल्सवर्थ आणि कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ चा, म्हणजे या प्रदेशात रेल्वे येण्याच्या सहा वर्षे आधीचा. वेळापत्रकाप्रमाणे सुटणारे आणि कोणासाठी न थांबणारे वाहन ही वस्तूच नवी होती. तिच्याशी माणसाचा जो संबंध येतो त्यासाठी मराठीला आपल्या साठ्यातूनच क्रियापदे योजावी लागली. त्यांतील तीन नेरळच्या फलाटावर आजही शेजारी शेजारी ऐकू येतात : 'त्याने गाडी पकडली', 'त्याला गाडी मिळाली', 'त्याची गाडी चुकली'. इंग्रजीत तिन्ही ठिकाणी 'तो' हाच कर्ता राहील. मराठीत तृतीया, चतुर्थी आणि षष्ठी अशा तीन विभक्ती आल्या आहेत. पहिल्या वाक्यात प्रयत्न आहे, दुसऱ्यात योग आहे. तिसऱ्यात तर चुकण्याची क्रिया गाडीकडे गेली असून उशिरा आलेला माणूस केवळ संबंधापुरता उरला आहे. 'त्याने गाडी चुकवली' असे म्हणताच हेतूचा संशय येतो, कारण 'कर चुकवणे', 'नजर चुकवणे' ही त्या क्रियापदाची सोबत आहे.

'पकडली'ऐवजी 'गाठली' लिहावे, असे शुद्धिवादी सुचवितात. 'गाठणे' सुंदर आहे, परंतु त्याचा भर अंतर तोडून पोहोचण्यावर आहे. त्यामुळे ते स्थळालाही लागू पडते. 'त्याने धावतपळत स्टेशन गाठले, पण गाडी मिळाली नाही' हे वाक्य निर्दोष आहे. 'स्टेशन पकडले' असे कोणी म्हणणार नाही. शिवाय नेरळहून रोज मुंबईला नोकरीसाठी जाणाऱ्याला 'तुम्ही कोणती लोकल पकडता?' असे विचारतात. 'कोणती लोकल गाठता?' या प्रश्नात रोजची धावपळ गृहीत धरली जाते, तर 'कोणती लोकल मिळते?' यात घरून निघण्याची वेळ आणि सोय विचारलेली असते. नित्यक्रमाने ठरलेली निवड हा अर्थ 'पकडणे'नेच पेलला आहे. या प्रयोगामागे इंग्रजीचा धक्का असेल, मुंबईच्या हिंदीचा तर बहुधा अधिकच. परंतु त्याची जागा मराठीच्या व्यवस्थेतली आहे. कर्त्याचा प्रयत्न येथे खरोखर असल्यामुळे ती व्यवस्था मोडत नाही. म्हणून 'सर्दी पकडली' आणि 'गाडी पकडली' यांना एकाच तराजूत तोलणे मला अन्यायाचे वाटते.

संदर्भाचे भान मात्र सुटता कामा नये. 'पोलिसांनी गाडी पकडली' यात पोलीस प्रवासी नव्हेत. गाडी अडविली गेली आहे. 'लागणे' या क्रियापदाची गंमत तर याहून मोठी. 'गाडी लागली' म्हणजे ती फलाटाला येऊन उभी राहिली. त्याच वाक्यात एक चतुर्थी घालून 'त्याला गाडी लागली' असे म्हटले, की माथेरानच्या घाटातील वळणांवर मळमळणारा प्रवासी डोळ्यांपुढे येतो. या दोन वाक्यांचे इंग्रजी भाषांतर विद्यार्थ्यांकडून करवून घ्यावे. तेथे एकच क्रियापद दोन्हीकडे चालत नाही, आणि विभक्तीने केलेले काम इंग्रजीला शब्द बदलून करावे लागते.