चि. सोनूस, हेलिकॉप्टरबद्दल

चि. सोनू,


ताईचा फोन आला होता. तुझं रेडिओवरचं हेलिकॉप्टर अंगणातल्या तुळशी वृंदावनावर आपटलं, पातं तुटलं आणि तू जेवलीच नाहीस म्हणे. आधी जेव. पाती तुटायचीच, ती जोडीने विकत मिळतात.

तुझा प्रश्न असा की लोकांचे ड्रोन हवेत खिळल्यासारखे उभे राहतात, मग हे का राहत नाही? ड्रोनमधला संगणक तोल सांभाळतो आणि उपग्रहांच्या मदतीने जागा धरतो. तुझ्या हेलिकॉप्टरात फक्त शेपटीला जायरो आहे. तो नाक भलतीकडे फिरू देत नाही, एवढंच. बाकी सगळं तुझ्या दोन अंगठ्यांवर. म्हणून गोलांट्या पुढच्या वर्षी. आत्ता एकच शिकायचं, एका जागी थांबणं. त्याला हॉवर म्हणतात, आणि माझ्या मते सगळ्यात अवघड तेच.

वरचा पंखा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो, म्हणून धड उलट फिरू पाहतं. ते रोखायला शेपटीचा पंखा जोर लावतो आणि त्या जोराने अख्खं यंत्र डावीकडे सरकतं. म्हणून नीट थांबलेलं हेलिकॉप्टर किंचित उजवीकडे कललेलं असतं. ते बिघडलेलं नाही, स्क्रू पिळत बसू नकोस.

दुसरं, स्टिक उजवीकडे दिलीस की आधी ते कलतं, मग हळूहळू वेग धरतं. स्टिक मध्ये आणलीस तरी कल तसाच राहतो. मग तू घाबरून उलट्या बाजूला जोरात देतेस आणि ते तिकडे पळतं. त्याऐवजी थोडंसं द्यायचं आणि ते पुरतं लागू व्हायच्या आत थोडंसं परत घ्यायचं. डोळ्यांना सरकणं दिसेपर्यंत थांबलीस तर उशीर झालेला असतो. कल दिसताच बोट हललं पाहिजे. हे वाचून येत नाही, बोटांनाच यावं लागतं. त्यासाठी कॉम्प्युटरवरचा सिम्युलेटर आहे. तिथे शंभर वेळा आपट, फुकट आहे.

भीतीने सगळे वीतभरच उचलतात आणि फसतात. जमिनीवर आदळून उसळलेल्या हवेत ते जास्तच घसरतं. कमरेएवढं उचल. खाली आडव्या काठ्यांचं ट्रेनिंग गिअर लाव. मैत्रिणी हसल्या तर सांग, इगॉर सिकॉर्स्कींनी १४ सप्टेंबर १९३९ रोजी व्हीएस-३०० पहिल्यांदा उचललं तेव्हा ते दोरांनी जमिनीला बांधलेलं होतं. मोकळं उडवलं ते १९४० च्या मे महिन्यात.

सुरुवातीला शेपटी कायम तुझ्याकडे असू दे. मग आडवं धर, आधी एका अंगाने, मग दुसऱ्या. नाक तुझ्याकडे वळलं की डावं-उजवं उलटं होतं. भाऊजी उसाची ट्रॉली रिव्हर्स घेताना स्टिअरिंग कुठे फिरवतात ते बघ. त्यांनाही कधीतरी पहिल्यांदा डोकं खाजवावं लागलं असेल. ही पायरी ओलांडायला महिने लागतात, लागू देत.

आता जागा. अंगणात पुन्हा नाही. कापूस निघालेलं, पऱ्हाटी उपटलेलं शेत बघ. उभ्या पिकात पडलं तर शोधत बसशील. सकाळी लवकर जा. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे दुपारी हवा इतकी तापून विरळ होते की पंख्याला जास्त जोर लावावा लागतो, मोटर आणि बॅटरी दोन्ही पोळतात. मत्स्योदरी देवीच्या डोंगराकडे जायचं नाही, नवरात्रातल्या गर्दीत तर मुळीच नाही. रेडिओवर उडणारं मॉडेलही २०२१ च्या ड्रोन नियमांत येतं. नजरेच्या टप्प्यातच उडवायचं. ४०० फुटांची मर्यादा तुला लागणारच नाही, तू कमरेपर्यंत आहेस.

अंधार पडल्यावर दिवे लावून उडवायची हौस मात्र सोड. २०२४ च्या पावसाळ्यात रात्री ड्रोन फिरतात म्हणून बीड-जालन्यातली गावं जागत होती, आपल्या तालुक्यातल्या अंतरवाली सराटीचंही नाव बातम्यांत होतं. तुझे दिवे बघून कोणी काठी घेऊन धावला तर चूक त्याची म्हणता येणार नाही. शेजारच्या शेतकऱ्यांना आधी दाखव, हातात घेऊ दे.

एका गोष्टीत मात्र मी ऐकून घेणार नाही. पंख्याचा व्यास ७० सेंटीमीटर आणि मिनिटाला २५०० फेरे धर. पात्याचं टोक ताशी ३३० किलोमीटरने जातं. २०२१ च्या ऑगस्टमध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या फुलसावंगीत एका हुशार तरुणाने स्वतः बनवलेलं हेलिकॉप्टर चाचणीला सुरू केलं, पातं तुटून डोक्याला लागलं आणि तो गेला. ते माणूस बसेल एवढं होतं, तुझं लहान आहे, पण डोळा जायला लहानही पुरतं. पंधरा पावलं लांब उभी राहा. छोट्याला ताईजवळ ठेव. बॅटरी जोडायच्या आधी मोटर सुरू होऊ न देणारं थ्रॉटल होल्डचं बटण लावलेलं आहे ना, ते दरवेळी बघ. पंखा पूर्ण थांबल्याशिवाय जवळ जायचं नाही.

बॅटरी चार्जिंगला लावून झोपायचं नाही आणि फुगलेली वापरायची नाही. चार दिवस उडवणार नसशील तर दर सेलला ३.८ व्होल्टच्या आसपास ठेव.

नवी पाती मी इथून पाठवतो. तुझ्या ट्रान्समीटरचा थ्रॉटल डाव्या हाताला आहे की उजव्या, तेवढं कळव. सिम्युलेटर त्याच पद्धतीने लावावा लागेल.

तुझा,
मामा